नाताळचा सेल, आजोबांचा एक्सपी आणि ‘बवेर्’

प्रश्न: आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. सासरे ७८ वर्षांचे आहेत. २००६ साली घेतलेल्या कॉम्प्युटरवर (विंडोज एक्सपी, पानं जुळवायचं पेजमेकर, जुना मराठी फॉन्ट) ते आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत टाइप करताहेत. चारशेच्या वर पानं झालीत. मुलगा शिकागोला असतो, २० डिसेंबरला येतोय. तिकडे नाताळचे सेल आत्तापासूनच लागलेत, म्हणून तो म्हणतो, “आजोबांसाठी लॅपटॉप आत्ताच घेऊन ठेवतो, आल्यावर तो डबा फेकून देऊ.” सासरे विषय काढला की उठून आत जातात. शिवाय माझा स्वतःचा २०१७चा लॅपटॉप रोज ‘सपोर्ट संपला’ म्हणून पाटी दाखवतो. काय करावं?

उत्तर:

ताई, सेलचं राहू द्या बाजूला. आज सासऱ्यांना चहा देताना एवढंच विचारा की कुलवृत्तांताची दुसरी प्रत कुठे आहे. मी २८ वर्षं जेल रोडच्या मागच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. हा प्रश्न विचारला की बहुतेक जण म्हणतात, “सीडीवर घेतलीय ना!” ती सीडी निघते २०१० सालची, कपाटात उन्हाच्या बाजूला ठेवलेली, आणि मशीनमध्ये घातली की नुसती गरगर फिरत राहते. घरी लिहिलेल्या सीडीत माहिती एका रंगाच्या थरात असते. ऊन आणि उष्णतेनं तो थर विटतो. वरून सीडी चकचकीत दिसते म्हणून कुणाला पत्ता लागत नाही.

तेव्हा पहिलं काम हार्डडिस्कची पूर्ण नक्कल. २००६चं मशीन म्हणजे बहुधा पेंटियम फोर आणि ८० जीबीची डिस्क. इतकी वर्षं चाललेली डिस्क म्हणजे देवाची कृपा, तिची परीक्षा बघू नका. घरातल्या कुणी हुशार भाच्यानं “आधी डिस्क चेक करून घेऊ, डिफ्रॅग करून घेऊ” म्हटलं तर त्याला हात लावू देऊ नका. मरायला टेकलेल्या डिस्कवर चेकडिस्क चालवणं म्हणजे तापानं फणफणलेल्या माणसाला जिना चढायला लावणं. डिस्क बाहेर काढायची, अडॅप्टरनं दुसऱ्या मशीनला जोडायची, आणि तिच्यावर काहीही न लिहिता अथपासून इतिपर्यंत नक्कल उतरवून घ्यायची. आमच्यासारख्यांकडे हे एका दुपारचं काम आहे. डिस्क मधूनच टक-टक आवाज करत असेल तर मशीन आजच बंद करा आणि माझ्याकडे येईपर्यंत पुन्हा चालू करू नका.

पूर्ण नक्कल का, नुसता ‘माय डॉक्युमेंट्स’ का नाही, हे मी पदरचं शिकलोय. २०११ मध्ये एका काकांचं मशीन मी नवं करून दिलं. एक्सपी काढला, विंडोज ७ घातलं, ‘माय डॉक्युमेंट्स’ आणि डेस्कटॉप नीट जपून ठेवला, बाकी सगळं फॉरमॅट केलं. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन, “माझी पत्रं कुठायत?” पत्रं होती पेजमेकरच्या स्वतःच्या फोल्डरात, कारण २००३ मध्ये कुणीतरी पहिल्यांदा तिथे सेव्ह केलं आणि काका पुढची आठ वर्षं तिथेच सेव्ह करत राहिले. त्यातली थोडी एका जुन्या पेन ड्राइव्हवर सापडली, ती उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. फॉन्टही गेला होता, विंडोजच्या फॉन्ट फोल्डराबरोबर. काका रागावले नाहीत. ते पुन्हा दुकानात आले नाहीत, इतकंच. तेव्हापासून मी कुठलंही जुनं मशीन उघडतो तेव्हा मालकाला शेजारी बसवतो आणि म्हणतो, “तुम्ही रोज करता तसं करून दाखवा.” माणूस कुठे क्लिक करतो ते बघितलं की त्याचा खजिना कुठे पुरलाय ते कळतं.

आता सासरे उठून आत का जातात, ते. नातवाला वाटतं आजोबा हट्टी आहेत, नव्याला घाबरतात. मला तसं वाटत नाही. जुन्या मराठी फॉन्टमध्ये काम केलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की हा मजकूर दुसऱ्या मशीनवर नेला की मोडतो. त्यांनी ते कधीतरी डोळ्यांनी बघितलेलं असतं. म्हणजे भीती खरी आहे, फक्त तिच्यावर उपाय आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

भानगड अशी आहे. जुन्या फॉन्टमधला ‘क’ हा मुळात ‘क’ नसतोच. कॉम्प्युटरच्या लेखी ते एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं, आणि फॉन्ट त्याच्यावर ‘क’चं चित्र चढवतो. फॉन्ट काढला की सोंग उतरतं. बरं, प्रत्येक कंपनीनं आपापली चित्रं आपापल्या जागी बसवली, त्यामुळे श्री-लिपीत टाइप केलेलं कृतिदेवला समजत नाही आणि कृतिदेवमधलं श्री-लिपीला. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक असतो, तो मोबाइलवर, लॅपटॉपवर, शिकागोत आणि रामबागेत सारखाच. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोड विंडोजमध्ये आहे, पण पेजमेकरला ते कधी झेपलंच नाही. त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ मध्ये आली आणि गाडी तिथेच थांबली. आपल्याकडच्या छापखान्यांनी ती पुढे कित्येक वर्षं ओढली, कारण पुस्तकं होती तीच मुळी तिच्यात.

जुन्यातून युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर आहेत, फुकटही आहेत. ते साधारण मजकूर बरा नेतात. अडतात ते नेमके कुलवृत्तांतात जे सगळ्यात जास्त असतं तिथे, म्हणजे नावांमध्ये आणि आडनावांमध्ये. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमानं साठवलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी. रफार अक्षरानंतर, आणि काना-मात्रा असेल तर तिच्याही नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: आधी र्, मग व, मग मात्रा. कन्व्हर्टरनं हा क्रम उलटवायचा असतो. तो चुकला की बर्व्यांचं घराणं ‘बवेर्’ होतं, कर्वे ‘कवेर्’ होतात, सूर्याजी ‘सूयार्जी’ आणि गोवर्धन ‘गोवधर्न’. काही वर्षांपूर्वीपर्यंत मराठी वेबसाइटांवर असे ‘बवेर्’ सर्रास भेटायचे, आठवतात का? आणि हिंदीसाठी बनवलेला कन्व्हर्टर असला (आपल्या इंदुरात बहुतेक तोच हाताशी असतो) तर ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ त्याच्या गावीच नसतात. दऱ्याखोऱ्यांचं दर्याखोर्या होतं. कऱ्हाडकर आणि गोऱ्हे तर हमखास घायाळ.

म्हणून माझी पद्धत अशी. जुन्या मशीनवर, जुन्या फॉन्टसकट, आहे त्या अवस्थेत अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ करून घ्यायची आणि तीत फॉन्ट बसवलाय याची खात्री करायची. ती पीडीएफ कुठल्याही मशीनवर, मोबाइलवर, आजोबांनी मांडली तश्शी दिसेल, छापखान्याला देता येईल. तिच्यातून मजकूर कॉपी केला तर मात्र खिचडीच येणार, कारण आत अजून सोंगच आहे. मग वेगळ्यानं, एकेक प्रकरण घेऊन, युनिकोडमध्ये रूपांतर आणि शेजारी पीडीएफ उघडी ठेवून वाचन. हे वाचन मी करू शकत नाही, माझा पोरगाही करू शकत नाही. ‘त्र्यंबक गणेश’ आणि ‘गणेश त्र्यंबक’ यांत बाप कोण आणि लेक कोण हे फक्त सासऱ्यांना माहीत. चारशे पानं म्हणजे रोज दहा पानं धरली तरी चाळीस दिवस.

आता बघा, तुमच्या मुलाच्या लवकर खरेदीचा विषय इथे येतो. लवकर घ्यावं हे त्याचं म्हणणं मला पटतं, कारण मात्र त्याचं नव्हे. दोन-चार हजार वाचावेत म्हणून लवकर नको. जुनं आणि नवं मशीन महिना-दीड महिना एकाच टेबलावर शेजारी चालावं म्हणून लवकर घ्यायचं. आजोबांनी जुन्यावर बघायचं, नव्यावर वाचायचं, अडलं की जुन्यावर परत जायचं. परतीचा रस्ता उघडा असला की माणूस पुढे जातो. २० डिसेंबरला खोकं आलं, २१ला डबा फेकला आणि ४ जानेवारीला पोरगं विमानात बसलं, तर १० जानेवारीला आजोबा तुमच्याशीही बोलायचे नाहीत.

त्यामुळे ते मशीन तिकडून आणू नका, इथे घ्या आणि याच पंधरवड्यात घ्या. कस्टमची अडचण नाही, १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्युटी न भरता आणता येतो. चार्जरही १०० ते २४० व्होल्टवर चालतो, फक्त पिन बदलावी लागते. अडचण वॉरंटीची आहे. बऱ्याच मॉडेलांची वॉरंटी ज्या देशात घेतलं तिथपुरतीच असते. गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे असाच एक लॅपटॉप आला, बिजागरीपाशी स्क्रीन गेलेली, वापर जेमतेम पाच महिन्यांचा. सेंटरवाल्यांनी बिल बघून हात वर केले. दुसरं, वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होते, खोकं उघडल्यापासून नाही. बदलून मिळायची मुदत तर काही दिवसांचीच असते. तिकडची काही दुकानं नाताळासाठी ही मुदत जानेवारीपर्यंत वाढवतात, पण तुमचा लॅपटॉप तेव्हा रामबागेत असणार, त्याचा काय उपयोग? नोव्हेंबरात घेतलेली वस्तू नाताळापर्यंत रंगीत कागदात गुंडाळून ठेवायची ही त्यांची रीत स्वेटरला ठीक आहे. कॉम्प्युटर आल्या दिवशी उघडावा, आठवडाभर दामटावा, खोट असेल तर परत करावा.

आपल्याकडे तसंही खोकं कुणी दीड महिना बंद ठेवत नाही. आधी कुंकवाचं स्वस्तिक निघतं. त्यावरून आठवलं, पूजा करा पण अक्षता कीबोर्डवर टाकू नका. मी स्पेसबारखालून तांदूळ काढलेत, दरवर्षी काढतो.

भाव पडायची वाट बघू का, हेही विचाराल. अमेरिकेतला मोठा सेल, ब्लॅक फ्रायडे, नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी असतो, आणि मुलगा त्याचीच वाट बघत असणार. माझा सल्ला, थांबू नका. मेमरी चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा ओढा एआयच्या डेटा सेंटरांकडे गेलाय, त्यामुळे २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत. सिल्व्हर मॉलमधले व्यापारी सकाळी दिलेला भाव संध्याकाळी पाळायला कुरकुरतात. आणि २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटी उतरला तो एसी आणि मोठ्या टीव्हींवरचा, २८ वरून १८ टक्के. लॅपटॉप आधीही १८ मध्येच होता, आताही आहे. मला दिवाळीत रोज चार जण “भिया, स्वस्त झाला असेल ना?” विचारून गेले.

बरं, घ्यायचं काय? लॅपटॉप नको. ७८ वर्षांच्या माणसानं मान खाली घालून पंधरा इंची पडद्यात रफार शोधायचे, ही शिक्षा आहे. त्यांना २४ इंची मॉनिटर घ्या, डोळ्यांच्या उंचीवर, आणि त्याच्यामागे बसणारा छोटा मिनी पीसी. १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी (न फिरणारी, चिपवरची डिस्क). एवढ्यात पुढची आठ-दहा वर्षं निघतील. लॅपटॉपच्या पैशात हे बसतं, वर दुसऱ्या प्रतीसाठी एक एक्स्टर्नल डिस्कही येते आणि ती घ्यायचीच आहे.

कीबोर्ड मात्र नवा घेऊ नका. त्या काळच्या मशीनबरोबर टीव्हीएस गोल्ड असेल तर तो सोन्यासारखा जपा. खटखट वाजतो म्हणून सुना वैतागतात, पण त्याची प्रत्येक कळ स्वतंत्र स्विचवर असते आणि सासऱ्यांच्या बोटांना तिचं वजन पाठ झालंय. त्याची पिन गोल, जांभळी असेल. तिला यूएसबी करणारा कन्व्हर्टर मिळतो. चिप असलेला मागा, नुसता स्वस्तातला जोड बऱ्याचदा चालत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कळांचा नकाशा. नातू म्हणेल, “आजोबा, इंग्रजीत टाइप करा, मराठी आपोआप उमटतं.” ज्याचं इंग्रजीतलं टायपिंग चालू असतं त्याच्यासाठी ते छान आहे. सासरे जर टाइपरायटरवर शिकले असतील तर त्यांच्या बोटात रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरची कळमांडणी, आहे, आणि त्याच मांडणीत युनिकोड टाइप करणारे कीबोर्ड मिळतात. आणखी एक आहे, इनस्क्रिप्ट, तो १९९१ पासून भारतीय मानक आहे आणि प्रत्येक विंडोजमध्ये आधीच भरलेला असतो. नव्यानं शिकणाऱ्यानं तोच शिकावा. पण ७८व्या वर्षी बोटं बदलायला सांगू नका. मशीन बदललं तरी बोटांना फरक कळता कामा नये, एवढंच बघायचं.

तुमच्या लॅपटॉपचं सोपं आहे. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला हे खरं, पण म्हणून तो त्या रात्री बंद पडला नाही. नव्या त्रुटींवरचे इलाज यायचे थांबले, इतकंच. २०१७चा म्हणजे बहुधा इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर असणार. विंडोज ११ साधारण आठव्या पिढीपासून पुढे घेते आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) मागते, त्यामुळे तिकडे जबरदस्तीनं नेऊ नका. सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावर जादा सुरक्षा अपडेटांसाठी नाव नोंदवायची सोय आहे. मायक्रोसॉफ्ट खात्यानं आत शिरून सेटिंगांचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालेल. आत अजून फिरणारी हार्डडिस्क असेल तर ती काढून एसएसडी घाला, तुम्हाला नवा लॅपटॉप घेतल्यासारखं वाटेल. पुढच्या दिवाळीला नव्याचा विचार करा.

आता त्या ‘डब्या’चं. कुलवृत्तांताचं शेवटचं प्रकरण तपासून होईपर्यंत तो टेबलावरच राहू द्या, पण इंटरनेटची तार आजच काढा. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ पासून कुणी वाली नाही. आणि पेन ड्राइव्ह सांभाळून. झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेन ड्राइव्ह एक्सपीत घालणं म्हणजे शॉर्टकट व्हायरसला पाटावर बसवून जेवायला वाढणं. माहिती फक्त जुन्याकडून नव्याकडे न्यायची, उलट नाही. चालू केल्यावर घड्याळ २००५-०६ दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय, सीआर २०३२ मागा, ४०-५० रुपयांत येतो. कॅबिनेट उघडलंच तर प्रोसेसरच्या आसपासचे उभे कपॅसिटर बघा. डोकं सपाट हवं. टम्म फुगलेले किंवा तपकिरी चिकट झालेले दिसले तर त्या बोर्डाचे दिवस भरलेत, नक्कल करायला आजचा उद्या करू नका. त्या काळात कपॅसिटरांचा अख्खा वाईट माल बाजारात आला होता.

जुनं धरून बसण्याची लाज वाटायचं कारण नाही, हे सासऱ्यांना माझ्यातर्फे सांगा. जपान सरकारनं आपल्या नियमांतून फ्लॉपीची सक्ती काढली ती २०२४ मध्ये.

पुढे कधी तो डबा टाकायची वेळ आलीच तर हार्डडिस्क काढून घरात ठेवा आणि बाकीचं ई-कचऱ्यात द्या. आपल्या कचरागाडीत त्याचा वेगळा कप्पा असतो. भंगारवाल्याला देऊ नका, तो तांब्यासाठी तारा जाळतो.

मुलाला सांगा, लॅपटॉपचे पैसे इकडे पाठव आणि तू रिकाम्या हातानं ये. डिसेंबरात सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू (तळलेला कंद) असतील, ते खाऊन झाले की दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबांशेजारी बसून ‘बवेर्’ शोध. अमेरिकेतल्या शाखेची पानंही कोरी असतील, त्यातल्या जन्मतारखा त्यालाच भराव्या लागणार आहेत.

आणि मशीन माझ्याकडे आणाल तेव्हा एक वस्तू विसरू नका. मागे, जिथे प्रिंटरची जाड केबल लागते तिथे, बोटभर लांबीचा एक ठोकळा चिकटलेला असेल. ते फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक. ते नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. नव्या मशीनला तसलं भोकच नसतं, आणि यूएसबीची प्रिंटर केबल लावून ते चालत नाही, मी करून बघितलंय. म्हणून पीडीएफ जुन्या मशीनवरच करायची आहे. लोक ते ठोकळं जुना जोड समजून केबलबरोबर भंगारात टाकतात. तुमच्याकडे कुणी आवरायला घेण्याआधी ते काढून सासऱ्यांच्या चष्म्याच्या डबीत ठेवा.